मामा, पंख निघाला! मुलांना स्केल मॉडेलची गोडी लावताना

दिवाळीत ज्या अंगणात किल्ला होतो, त्या घराला स्केल मॉडेलचा, म्हणजे खऱ्या वस्तूची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती जोडण्याचा, छंद निम्मा ठाऊक असतो. उरतो तो प्रमाणाचा प्रश्न. किल्ल्यावर बुरुजाच्या उंचीचा मावळा असतो, महादरवाजातून कधीच आत जाऊ न शकणारा हत्ती असतो आणि सिंहासनावरचे महाराज अख्ख्या बालेकिल्ल्याला झाकून टाकतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, माती थापता थापता विचारलं, "मामा, मावळा एवढा असेल तर रायगड केवढा पाहिजे?" पट्टी आणली. मावळा सहा सेंटीमीटरचा भरला. खरा माणूस १७० सेंटीमीटरचा धरला तर मावळा साधारण २८ पटींनी लहान. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची ८२० मीटरच्या आसपास. तिला २८ने भागलं की २९ मीटर येतात. म्हणजे नऊ-दहा मजली इमारत. "मग मावळाच लहान आणू," ती म्हणाली. त्याच सुट्टीत आम्ही तिचं पहिलं विमान जोडायला घेतलं.

घरात आठ ते बारा वर्षांचं मूल आहे, प्लॅस्टिकचं मॉडेल जोडून रंगवायची त्याला हौस वाटतेय, पण आपण स्वतः कधी असलं काही केलेलं नाही, अशा आईबाबांसाठी आणि मामा-मावश्यांसाठी हे लिहितोय. आठाच्या आतल्या मुलांसाठी गोंदाशिवाय नुसती दाबून बसणारी किट्स मिळतात. एअरफिक्सची 'क्विकबिल्ड' मालिका तशीच आहे, ठोकळ्यांसारखी जोडायची. खर्च न करता चाचपून बघायचं असेल तर कागदी मॉडेल उत्तम. कॅननच्या 'क्रिएटिव्ह पार्क' या संकेतस्थळावर इमारती, प्राणी, वाहनं यांचे आराखडे फुकट उतरवून घेता येतात. जाड कागदावर छापायचं, कापायचं, घड्या घालून चिकटवायचं. त्यात मूल तासभर रमलं तर प्लॅस्टिककडे वळायला हरकत नाही. दहा मिनिटांत उठून गेलं तर पुढच्या वर्षी बघू.

खोका निवडताना

दुकानात गेल्यावर मुलाचा हात सगळ्यात मोठ्या खोक्याकडे जातो. युद्धनौका, तीनशे भाग, त्यातले निम्मे तांदळाच्या दाण्याएवढे. तो खोका वर्षभर कपाटावर पडून राहील हे आपल्याला दिसत असतं, पण "हे तुला जमणार नाही" असं म्हणू नका. "हे तिसरं" म्हणा.

पहिल्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या महायुद्धातलं एका इंजिनाचं, पंखांची एकच जोडी असलेलं लढाऊ विमान, १/७२ प्रमाणात. भाग कमी, आकार ओळखीचा, आणि तीन-चार बैठकांत विमान 'विमानासारखं' दिसायला लागतं. रणगाड्याचा मोह होतो, पण त्याची चाकंच वीस-तीस असतात. एकेक कापून घासताना आठ वर्षांचं मूल रडकुंडीला येतं. गाडी आणखी अवघड, कारण गाडीला चकाकता रंग लागतो आणि चकाकत्या रंगात ब्रशचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. दुपंखी, म्हणजे पंखांच्या दोन जोड्या एकावर एक असलेली विमानं तर राहूच द्या. दोन पंखांमधले खांब सरळ बसवताना मोठ्यांचेही हात थरथरतात.

एअरफिक्सचे 'स्टार्टर सेट' आणि रेव्हेलचे 'मॉडेल सेट' यांत गोंद, ब्रश आणि लागतील तेवढे रंग खोक्यातच येतात. त्यातले ब्रश सामान्य असतात, पण पहिल्या वेळी सामानाची जमवाजमव वाचते. रेव्हेलच्या खोक्यावर एक ते पाच अशी काठिण्यपातळी छापलेली असते. दोनच्या वर जाऊ नका.

विमान कोणतं, हे मात्र मुलाला ठरवू द्या, आणि ठरवायला आधी त्याला गोष्ट सांगा. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन आणि स्पिटफायर उडवली होती. १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों एकट्याने नॅट विमानातून लढले. परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव. गोष्ट माहीत असली की हातातला करडा तुकडा नुसता तुकडा राहत नाही. शक्य असेल तर खरं यंत्रही दाखवून आणा. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय किंवा गोव्यात दाबोळी विमानतळाजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय, कुठलंही एक सहलीत बसवता येतं. रणगाड्याच्या चाकाशेजारी उभं राहिलेल्या मुलाला प्रमाण समजावून सांगावं लागत नाही.

१/७२ म्हणजे किती?

खोक्यावरचा हा आकडा बघून मुलं हमखास फसतात: ७२ मोठा, म्हणून विमान मोठं. भाकरीचं उदाहरण द्या. एका भाकरीचे ७२ तुकडे केले आणि दुसरीचे ४८, तर कुठला तुकडा मोठा? अपूर्णांक शाळेत नुकतेच सुरू झालेले असतात, त्यामुळे हे चटकन पटतं.

१/७२ची एक गंमत आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणून या प्रमाणात मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खरे सहा फूट, बरोबर एक उंच माणूस. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२३ मीटर, ७२ने भागून १५.६ सेंटीमीटर. पंख जोडले की मुलाच्या हातात पट्टी द्या आणि मोजायला सांगा. आकडा जुळला की चेहरा बघण्यासारखा होतो.

रणगाड्यांच्या खोक्यांवर १/३५ दिसतं. हा आकडा कुठल्याही हिशेबाने आलेला नाही. जपानच्या शिझुओकातली तामिया कंपनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा बनवत होती. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून आकार ठरवला गेला. मागाहून मोजला तर तो १/३५च्या जवळ निघाला. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तोच धरला. मोठ्या माणसांचे नियमही असे बनतात, हे मुलांना सांगायला मला फार आवडतं.

घरातलं सामान आणि बाजारातलं सामान

बहुतेक सामान घरात असतं: कपड्यांचे चिमटे, रबर बँड, टूथपिक, जुना टूथब्रश, पांढरं फेव्हिकॉल, नेलकटर. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणायचा, ४००, ६०० आणि १००० नंबरचा एकेक. दुकानदाराला 'पॉलिश पेपर' म्हटलं तरी कळतं, पण पाण्यात भिजवता येणाराच हवा असं सांगा.

भाग कापायला निपर लागतो. मॉडेलवाल्यांचा खास निपर महाग येतो. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं तिथे, म्हणजे पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, एका बाजूने सपाट कापणारा छोटा वायर कटर स्वस्तात मिळतो आणि पहिली चार-पाच विमानं तो सहज काढतो. लहान हातांना नेलकटरही चालतो, हसू नका.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घोळ इथेच होतो. आपल्या घरात 'चिकटव' म्हटलं की फेव्हिक्विक बाहेर येतं. ते मुलांच्या हाती नको. बोटं चिकटतात हे एक, आणि भाग वाकडा बसला तर सुधारायला पाच सेकंदसुद्धा मिळत नाहीत. मॉडेलचा गोंद वेगळा असतो. तो खरं तर चिकटवतच नाही. तो मॉडेलचं प्लॅस्टिकच, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला की तिथे एकसंध प्लॅस्टिक उरतं. वेल्डिंगच म्हणा ना. म्हणून तो रंगावर लागत नाही, लाकडावर लागत नाही, आणि जास्त झाला तर भागच वितळवतो. त्याचा वास उग्र असतो आणि तो पेट घेतो. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरात निरांजन लावलेलं असेल तर टेबल त्या खोलीत नको. तामियाचा संत्र्याच्या वासाचा, लिमोनीनवाला गोंदही मिळतो. मुलांसोबत मी तोच वापरतो. बाटली हमखास कलंडते. वाटीत कणकेचा गोळा ठेवून त्यात ती रोवली की प्रश्न मिटतो.

रंग पाण्यात मिसळणारे अॅक्रेलिक घ्या. शाळेतले पोस्टर कलर प्लॅस्टिकवर टिकत नाहीत, ओल्या बोटाने निघून येतात.

पहिली बैठक: काहीच चिकटवायचं नाही

खोका उघडला की मूल लगेच तुकडे मोडून काढायला लागतं. थांबवा. सगळे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या फ्रेमवरच असू द्या आणि त्या फ्रेम भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात, टूथब्रशने हलक्या हाताने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून प्लॅस्टिकला कारखान्यात तेलकट थर लागलेला असू शकतो, आणि त्यावर रंग धरत नाही. धुणं मुलाचं आवडतं काम असतं. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर सुटलेला एखादा भाग पाइपातून थेट गटारात.

वाळेपर्यंत सूचनांचा कागद वाचायचा. त्यात शब्द जवळजवळ नसतात, चित्रं आणि आकडे असतात. प्रत्येक भागाला फ्रेमवर नंबर असतो. मूल नंबर शोधतं, आपण कागदावर टिंब करतो. एवढं झालं की आवरायचं. पाऊण तासाच्या वर कुठलीच बैठक नको, मूल "अजून" म्हणत असलं तरी. किंबहुना म्हणत असेल तेव्हाच.

कापणं आणि घासणं

भाग एका फटक्यात कापायचा नाही. आधी फ्रेमपासून लांबून कापून सुटा करायचा, मग उरलेला खुंट जवळून. एकदम जवळून कापला तर प्लॅस्टिकवर पांढरा डाग पडतो, कधी लचकाच निघतो. राहिलेला टवका ४०० नंबरच्या ओल्या कागदावर घासायचा, मग ६००वर. ओलं घासल्याने धूळ उडत नाही.

बारीक भाग कापताना तो टणकन उडतो. पारदर्शक पिशवीत हात घालून कापला तर तो पिशवीतच राहतो. तरी उडालाच, तर पंखा बंद करा, दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. एवढ्याशा चाकाचीही लांब सावली पडते आणि ते सापडतं. भाचीला हा शोध विमानापेक्षा आवडला होता. मुद्दाम उडवते की काय, असा मला दोनदा संशय आला. घरात तीन वर्षांच्या आतलं पिल्लू असेल तर शोध अर्धवट सोडू नका. सापडलेली वस्तू ते आधी तोंडातच घालणार.

पात्याचा कटर दहा वर्षांच्या आत आपल्याच हातात. पुढेही पातं नेहमी स्वतःपासून लांब ढकलायचं, आणि कटर पडला तर झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचा. हे तोंडी सांगून भागत नाही. पेन पाडून सराव करून घ्या.

जोडणं

प्रत्येक जोड आधी कोरडा लावून बघायचा. बसतोय? मग सोडवायचा, गोंद लावायचा, पुन्हा बसवायचा. मुलांना ही दुहेरी मेहनत वाटते. एकदा उलटा पंख चिकटला की नंतर सांगावं लागत नाही.

क्रम साधारण असा असतो: आधी बसायची जागा आणि वैमानिक, त्यांना रंग, मग विमानाच्या धडाची दोन अर्धुकं त्यांच्यावर मिटायची. वैमानिक आत ठेवायचा राहिला तर नंतर वाट नाही. गोंद टूथपिकच्या टोकावर थेंबभर घ्यायचा. पातळ, ब्रशवाला गोंद असेल तर भाग आधी जुळवून धरायचे आणि फटीला नुसता ब्रश टेकवायचा. द्रव आपोआप फटीत पळतो. धड मिटलं की रबर बँड, पंखाला कपड्यांचे चिमटे, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

वैमानिकावरची पारदर्शक काच मात्र या गोंदाने लावायची नाही, बोटाचा ठसा कायमचा उमटतो. फेव्हिक्विकने तर काच धुरकट होते. तिथे आपलं पांढरं फेव्हिकॉल. वाळल्यावर दिसत नाही, आणि सांडलं तर ओल्या फडक्याने पुसता येतं.

पंख धडाला चिकटवल्यावर पुढून, डोळ्याच्या पातळीवर बघायचं: दोन्ही पंख सारखे वर उचललेत का. पंखाखाली काडेपेट्या ठेवून ते वाळू द्यायचे. आमच्या वेळी एक काडेपेटी रात्री आजीने देवापुढे नेली. सकाळी सात वाजता फोन, "मामा, पंख निघाला!" पुन्हा घासून चिकटवला. थोडा वाकडाच आहे.

हात मागे बांधून

त्या वाकड्या पंखाआधी माझ्याकडून मोठी चूक झाली होती. धडाच्या जोडावर गोंदाचा ओघळ राहिला होता. भाची झोपल्यावर मी तो घासून साफ केला, वाटलं, हिला कळणारही नाही. सकाळी तिने विमान हातात घेतलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे मी नाही केलं." रागावली नाही. खोक्यात ठेवून दिलं, आणि दोन महिने खोका उघडला नाही.

तेव्हापासून मी माझं वेगळं मॉडेल घेऊन शेजारी बसतो. माझे हात गुंतलेले राहतात. तिने विचारलं तर माझ्या तुकड्यावर करून दाखवतो, तिच्या नाही. पहिल्या मॉडेलवर ओघळ असणार, ठसे असणार, चाक तिरकं असणार. ते मुलाचं आहे. पाहुण्यांना दाखवताना "मी थोडी मदत केली" असं खरं असलं तरी म्हणू नका.

रंग

आधी फिका, मग गडद. पोटाचा निळसर करडा आधी, पाठीचा हिरवा-तपकिरी नंतर. पिवळा आणि पांढरा गडद रंगावर बसतच नाहीत. पातळ दोन-तीन हात द्यायचे, मधे पूर्ण वाळू द्यायचं. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला तर खालचा थर सोलून येतो. मुलांची नव्वद टक्के निराशा या एका घाईतून येते, असं माझं आपलं अंदाजपंचे मत. चाकं, पंख्याची पाती असे बारीक भाग फ्रेमवर असतानाच रंगवले तर धरायला सोपे जातात.

पहिल्या विमानाला स्प्रे प्रायमरची, म्हणजे रंगाआधी फवारायच्या अस्तराची, गरज नाही, नीट धुतलं असलं म्हणजे झालं. पुढे कधी वापरलात तर गॅलरीत, आपण स्वतः, मास्क लावून. आणि आषाढ-श्रावणात नको. दमट हवेत स्प्रेवर पांढुरकी झाक येते, ती पुसून जात नाही. कोकणात राहणाऱ्यांनी सरळ दसऱ्यापर्यंत थांबावं.

डिकॅल: सगळ्यात मजेची बैठक

विमानावरची चिन्हं कागदावर छापून येतात, ती पाण्याने सुटतात. मुलं सगळी एकदम वाटीत टाकतात आणि मग कुठलं कुठलं ते कळत नाही. एका वेळी एकच. कात्रीने कापायचं, कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवायचं. पाण्यातच सोडून दिलं तर मागचा चिकटा धुऊन जातो. बोटाने हलकं ढकलल्यावर ते कागदावर सरकायला लागलं की कागदासकट विमानाजवळ न्यायचं आणि ओल्या ब्रशने सरकवून जागेवर आणायचं. मग टिश्यूने वरून टिपायचं, पुसायचं नाही.

भारतीय हवाई दलाचं आजचं चिन्ह मधे हिरवं, मग पांढरं, बाहेर केशरी. पंखावर ते बसतं तेव्हा तो करड्या तुकड्यांचा जोड संपतो आणि विमान सुरू होतं. ही बैठक घाईत उरकू नका. आजी-आजोबांना बोलवा.

ठेवायचं कुठे

मूल म्हणणार, छताला दोऱ्याने टांगू. आपल्या घरांत छताला पंखा असतो, एवढंच लक्षात ठेवा. काचेचं कपाट बरं, धूळही बसत नाही. बसलीच तर कोरड्या, मऊ ब्रशने झटकायची. फडकं लागलं की तोफेची नळी गेलीच.

रिकाम्या फ्रेम लगेच फेकू नका. एखादा हरवलेला भाग तिच्यातून कापून, घासून बनवता येतो. तिचे बारीक तुकडे गोंदाच्या जवळजवळ संपलेल्या बाटलीत रात्रभर टाकले तर घट्ट लापशी होते, फटी बुजवायला ती दुकानातल्या पुट्टीइतकीच चालते. आणि सरळ दांड्या रंग ढवळायला. भाचीच्या डब्यात अजून स्पिटफायरच्या दांड्या आहेत. सध्या त्या नौकेचा करडा रंग ढवळतायत, तोच सगळ्यात मोठ्या खोक्यातला. तिच्या हिशेबाने हे तिसरं.